सासऱ्यांची कुंडीतली चिंच

आधी झाडाची तब्येत विचारून मग माणसाची विचारणारा गृहस्थ अख्ख्या निजामी मुलखात एकच होता, आणि तोच नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. नांदूरघाटला त्यांच्या दारात पाऊल टाकावं, वाकून नमस्कार करावा, तर मामा म्हणायचे, "या पाव्हणं. वाटेत त्या मोठ्या वडाची साल कुणी काढली न्हाई ना?" वड सुखरूप आहे असं ऐकल्यावर मगच पाय धुवायला पाणी येई. आमची मुलगी तुमच्या घरी कशी आहे, हा प्रश्न चहा झाल्यावर, आणि तोही मामींनी कोपरानं ढोसल्यावर.

मामा तालुक्याच्या कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून होते. सगळा जन्म उर्दू कागदांत गेल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीचा मुआयना, म्हणजे बारीक पाहणी करायची आणि बयान घ्यायची खोड लागली होती. कचेरी सुटल्यावर हे सारं कसब अंगणातल्या चौदा कुंड्यांवर चाले. कुंभाराकडून मुद्दाम करून घेतलेल्या पसरट कुंड्यांत पिंपळ, उंबर, लिंब, बाभूळ अशी गुडघ्याएवढी झाडं त्यांनी वर्षानुवर्षं मुळ्या नि फांद्या छाटून वाढवली, म्हणजे वाढू दिली नव्हती. खोडावर कुठं चीर पडली, साल सुटली, की मामांचं जेवणावरचं मन उडायचं. दाढी करायला न्हावी आला की त्याचा वस्तरा आधी झाडाच्या जखमेच्या कडा साफ करायला लागे, मग मामांच्या गालाला. न्हावी एकदा कुरकुरला, "मालक, बाभळीचा डिंक लागला की वस्तऱ्याला." मामा शांतपणे म्हणाले, "धुवून घे बे. बाभूळ तुझ्यापेक्षा साफ हाय."

परक्याच्या झाडालाही हीच माया. नारायणगडच्या यात्रेला म्हणून निघाले आणि अर्ध्या वाटेवर कुऱ्हाडीचा घाव बसलेला लिंब दिसला, तेव्हा शेणमाती कालवून त्याला लिंपण्यात दिवस घालवून, देवदर्शन न घेताच परत आले. खुद्द माझ्या लग्नातली गोष्ट सांगतो. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, आणि वधूपिता गायब! शोधाशोध झाली. आमच्या वरातीच्या घोड्याच्या दोरीनं मांडवामागच्या लिंबाची साल सोलली होती आणि मामा आपला नवा शेला फाडून त्याला पट्टी बांधत बसले होते. भटजी संतापले तर त्यांनाच म्हणाले, "दोन घडी दम धरा की. नवरदेव कुठं पळून चाललाय? इथं रस गळून चाललाय."

अशा माणसाच्या घरी मी पहिल्या दिवाळसणाला तट्टावर बसून गेलो. दुपारी पुरणपोळी अंगावर आली आणि मी आडवा झालो. मामा नवी कुंडी सांगायला कुंभाराकडे गेले होते. थोड्या वेळानं बायकोनं मला गदागदा हलवलं. तिनं नुसतं अंगणाकडे बोट दाखवलं. अंगणात येऊन पाहतो तो माझ्या तट्टानं दावं सोडवून घेतलं होतं, आणि चौदा झाडांतलं सगळ्यात जुनं, बत्तीस वर्षांचं चिंचेचं झाड त्याच्या पुढ्यात होतं. निम्मा पाला फस्त, आणि मनगटाएवढ्या खोडाची हातभर नाही तरी बोटभर लांब साल सोललेली. आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं होतं. मी काय करावं? ओली माती घेतली, जखमेवर थापली, कुंडी फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि तट्टू दाराबाहेर नेऊन बांधलं.

मामा आले. चपला काढायच्या आधीच थबकले. "चिंच उलटी काहून बसली?" बत्तीस वर्षं ती पूर्वेकडे तोंड करून होती, हे मला काय ठाऊक! त्यांनी कुंडी फिरवली, माती पुसली. जावयाची लाज राखायला मामी पुढं आल्या, "शेजारची शेळी आलती, अवो."

मामांनी चष्मा लावला, उकिडवे बसले, जखमेवरून बोट फिरवलं. "शेळीला वरचे पुढले दात नसतेत. ह्या जनावराला वर-खाली दोन्हीकडं हायत. आणि ते दाराबाहेर कडबा खातंय."

"मामा, माझंच तट्टू," मी म्हणालो. "आणि माती मीच लावली."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली. पण मामा ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र एकदम म्हातारा दिसायला लागला. म्हणाले, "जनावराचा गुन्हा न्हाई. तुमी झोपलात, त्योबी न्हाई. पण जखम तशीच झाकली की आतून सडती, पाव्हणं. आधी साफ करायची, मग झाकायची. धरा कुंडी."

मी कुंडी धरली. मामांनी न्हाव्याकडून मागवलेल्या वस्तऱ्यानं फाटक्या कडा कापल्या, वरखाली निमुळत्या, डोळ्याच्या आकाराच्या, म्हणजे पाणी साचायला नको. मग मेण, राळ नि तेल कोमट करून कडांवर लेप दिला. "गेलेली साल परत येत न्हाई," ते म्हणाले. "कडंची साल मात्र चालत चालत आत येती. लई हळू. जगली तर."

चुलीपाशी मामींनी मला हळूच सांगितलं, "ती चिंच माझी हाय. आठ वर्षांची नवरी होऊन आलते मी. चिंच खाऊन चिंचोका थुंकलते फुटक्या कुंडीत. उगवला, तर ह्यांनी राखला. मला कधी बोलले न्हाईत, पण राखला." हे सांगताना चाळिशीला टेकलेल्या मामी चक्क लाजल्या.

चिंच जगली. त्यानंतर मला मामांची पत्रं येऊ लागली. "जखमेची उजवी कड जवभर सरकली. डावी अजून सुस्त. मुलीस आशीर्वाद." पुढल्या पत्रात डावी कडही हलल्याची वर्दी. मीही, आधी धाकानं नि मग गोडीनं, दर दोन महिन्यांनी जाऊन मुआयना करू लागलो. आम्ही दोघं त्या कुंडीपुढं उकिडवे बसून जवाचे दाणे लावून जखम मोजायचो, आणि बायको म्हणायची, माझं माहेर तुमचंच झालंय. सहाव्या वर्षी दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या. त्या दिवशी मामांनी गावाला गूळ वाटला. कशाबद्दल, असं विचारणाऱ्याला सांगायचे, "जावयाची सजा संपली."

दोन वर्षांनी मामा गेले. आजारपण फार झालं नाही. तेराव्यानंतर मी अंगणात आलो तर मामी गड्याकडून परसात खड्डा खणून घेत होत्या आणि चिंचेची कुंडी फुटून बाजूला पडली होती. "मामी, मामांनी एवढं जपलेलं..."

"जपलं की. लई जपलं." त्यांनी मुळ्यांवरची माती हातानं मोकळी केली. "चाळीस सालं पाय मुडपून बसली ती. आता पसरू दे."

पहिलं वर्ष चिंच रुसून होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो, तर माझ्या खांद्याला लागली होती. मी सवयीनं खोडावर जखम शोधायला बसलो. साल फुगून नवी झाली होती, कुठं बोट ठेवावं ते कळेना. पलीकडे मामी पदर सावरून, तिच्या विरळ सावलीत पाय लांब करून बसल्या होत्या.