उत्तम स्थितीतलं घर

आमच्या काकांना गल्लीत सगळे ‘इंजिनियर’ म्हणत. खरं तर ते टायरच्या गोदामात कारकून होते. पण राहतं घर त्यांनी स्वतःच्या हातांनी वाढवलं होतं. वरची खोली, तिथे जाणारा जिना, बाथरूमचं सरकतं दार, सगळी करामत त्यांची. गवंडी आणि सुतार फक्त लुबाडायला येतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

काकू त्या घरात बिनतक्रार राहिली म्हणणं ही शुद्ध थाप होईल. पाहुण्यांना ती “सगळं ह्यांनीच केलंय हो,” असं अशा सुरात सांगायची, की काकांना ते कौतुक वाटे आणि पाहुण्यांना इशारा.

मग पालिकेने नवं मूल्यांकन केलं आणि घरपट्टी थेट दुपटीवर नेऊन ठेवली. नोटिशीत लिहिलं होतं, ‘दुमजली, सुधारित, उत्तम स्थिती.’ काकूने कपाळाला हात लावला. काकांची छाती फुगली.

“बघ, पालिकेलाही कळलं!”

“पालिकेने रस्त्यावरून बघितलंय. आत येऊ दे एकदा. मी हरकत घेणार.”

“आपल्याच घराला नावं ठेवणार?”

“ती तर रोज ठेवते. आता लेखी ठेवीन.”

घर तिच्या माहेरचं, तिच्या नावावर. काकांचा इलाज चालेना. तिने अर्ज ठोकला आणि पाहणीचा दिवस ठरला.

त्या दिवशी मी मुद्दाम गेले. असा तमाशा फुकटात कुठे बघायला मिळतो? भिंतीची ओल दिसावी म्हणून काकूने कॅलेंडर काढलं. काकांनी ते परत लावलं. निरीक्षक आले तेव्हा काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे, जणू मुलगी बघायलाच आले होते कुणी.

“साहेब, ही भिंत कायम ओली असते,” काकू म्हणाली.

“गारवा राहतो,” काका म्हणाले.

“जिन्याची एक पायरी दुसरीसारखी नाही.”

“माणूस सावध राहतो.”

निरीक्षक लिहीत होते. वरची खोली बघताना हात धुळीने माखले, म्हणून खाली येऊन ते बाथरूममध्ये गेले. काकांनी मोठ्या अदबीने बाहेरून दार सरकवून दिलं. ते बंद झालं आणि बंदच राहिलं.

“साहेब, आधी थोडं वर उचला,” काका बाहेरून म्हणाले.

“उचललं.”

“आता डावीकडे. जोर नको, गोडीगुलाबीने.”

“डावीकडे म्हणजे तुमच्या की माझ्या?”

काका विचारात पडले. आतून जे पुटपुटणं ऐकू आलं ते सरकारी भाषेतलं नव्हतं. मी तोंड दाबून अंगणात पळाले. शेवटी काकूने दाराला खालच्या कोपऱ्यात सराईत लाथ हाणली आणि साहेब बाहेर आले, घामाघूम, हातात दाराची मूठ.

निकाल आला. घरपट्टी पूर्वीपेक्षाही कमी! अहवालात जिना धोकादायक, वरची खोली राहण्यास अयोग्य आणि बाथरूम ‘प्रवेश सुलभ, निर्गमन कठीण’ असं नोंदवलं होतं. काकू ते वाचून पोट धरधरून हसली. काका जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परस्पर पालिका गाठली आणि मूल्यांकन वाढवून मागितलं.

“वाढवून?” कारकुनाने पेन खाली ठेवलं. “काका, तब्येत बरी आहे ना?”

आजूबाजूच्या टेबलांवरची मंडळी गोळा झाली. कुणीतरी अहवाल मोठ्याने वाचला आणि अख्खं ऑफिस खिदळलं. काका तसेच घरी आले. “हसले सगळे,” एवढंच म्हणाले.

काकूचा चेहरा उतरला. घरातल्यांनी हसणं वेगळं, ह्या टिकोजीरावांनी कशाला हसावं?

त्यानंतर काकांनी स्वतःच सुतार बोलावला. तो दार उचकटून बघत म्हणाला, “कुणा गाढवाने बसवलंय हे?”

काका खाली बघू लागले. काकू कमरेवर हात ठेवून पुढे आली.

“तोंड सांभाळून बोला. आणि खिळा ठोकायच्या आधी ह्यांना विचारा. दार ह्यांचं आहे.”