हनियामावशीचा पूल

सिलियानाच्या डोंगरातल्या आमच्या गावात हनियामावशी भट्टीतल्या गरम रोट्या विकायची. जीभ भट्टीहून गरम, पण अडल्यानडल्याला पहिली हाक तिलाच. हुकूमशहाला पळवून लावणाऱ्या क्रांतीनंतर नगरपालिकेची पहिली खरी निवडणूक आली तेव्हा बायकांनी तिला हट्टाने उभं केलं आणि ती निवडूनही आली.

आधीच्या राजवटीत गव्हर्नरने कुणालाही न विचारता चौकात संगमरवरी कारंजं बसवलं होतं. त्यात पाणी कधी आलंच नाही. आता पालिकेच्या पैशातून वर्षाकाठी एक काम, आणि ते गावाने हात वर करून ठरवायचं. आमच्या वरच्या आळीला ओढ्यावर पूल हवा होता, कारण हिवाळी पावसात पोरींची शाळा बुडायची. खालच्या आळीला बाजारावर छप्पर हवं होतं. सभेत छप्पर जिंकलं.

संध्याकाळी मावशीचा दीर अम्मार दारात येऊन ओरडला, "तुला निवडून दिलं ते काय रोट्या भाजायला? यापेक्षा गव्हर्नर बरा होता!"

"मग जा की, त्याच्या कारंज्यात आंघोळ करून ये! सभेला कुठे होतास रे?"

"कॅफेत... पत्ते खेळत होतो."

"आता पत्त्यांचाच पूल बांध!"

सगळी गल्ली हसली. अम्मारसुद्धा हसला, जरा उशिराने.

पुढच्या वर्षी मावशी दारोदार फिरली. "मला मत दिलंत, उपकार केलेत. आता हातही वर करा," म्हणायची. सभेला अख्खी आळी लोटली. छपराखाली सुखाने बसणाऱ्या बाजारातल्या बायकांनीही पुलासाठी हात वर केले. ठेकेदाराने वर्ष खाल्लं, पण पूल झाला.

मग राजधानीतून हुकूम आला आणि देशभरच्या पालिका बरखास्त झाल्या. मावशीचं पद गेलं, उरली फक्त भट्टी.

त्या हिवाळ्यात पुराने पुलाची एक बाजू खचली. दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्यांतली माणसं तिच्या अंगणात जमली.

"माझ्याकडे कशाला? मी आता कुणी नाही," ती म्हणाली.

"पदाचं कोण विचारतंय, मावशी?" बाजारातली लतीफा म्हणाली. "आम्हाला भांडायला जागा हवीय. तू मध्ये बस."

मावशीने डोळे पुसले, चहा ठेवला. दुपारपर्यंत घसे बसले, दगड कुणी आणायचे ते ठरलं. रविवारी सगळे ओढ्यात उतरले.