दसऱ्यात घासलेले दगड

आमच्या कॉलेजातल्या मॅडम सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला निघाल्या, तेव्हा त्यांच्या घरातली खाऱ्या पाण्याची टाकी कुणी सांभाळायची, हा प्रश्न आमच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात आला. बाकीच्यांनी ताबडतोब कारणं सांगितली. मला कारण सुचायला वेळ लागतो. ते सुचेपर्यंत मॅडम मला पाण्यातलं मीठ कसं मोजायचं ते शिकवायला लागल्या होत्या.

अशी ती टाकी नगरहून टेम्पोने काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर आली. तीन फूट लांब काच, आत दगड, काही दगडांवर मऊ प्रवाळं, आणि ड्वार्फ एंजल जातीचा एकच मासा. जांभळट निळा, पोटाकडे केशरी, माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा. मॅडमनी तो तीन वर्षं जपला होता. "आमच्या घरातला हा सगळ्यात लहरी माणूस," त्या म्हणाल्या. "याला तेवढं जगव. आणि काही बिघडलंच तर लगेच सांग, लपवू नकोस." मी मान हलवली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्या भरवशावर कुणी एवढी किमती वस्तू ठेवल्याचीही ही पहिलीच वेळ होती.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टाकीभोवती एक चक्कर मारली. "एका माशाला एवढं पानी? आपल्या म्हशीबी एवढ्या थाटात न्हाईत." मग गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवून त्यांनी खरा प्रश्न विचारला. "खातो काय त्यो?"

"दगडांवरचं शेवाळ. दिवसभर तेच टिपत असतो."

"मंग राहू द्या. माळकरीच हाय म्हनायचा."

हा मासा कधीकधी प्रवाळालाही चावा घेतो, एवढं मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

आईचं मात्र त्या शेवाळाशी पटेना. टाकीतलं पाणी उडून कमी व्हायचं, की मी फिल्टरच्या जारमधलं गोडं पाणी वरून घालायची. आई शेजारी उभी राहून दगडांकडे बघत राहायची. "पाहुनं काय म्हनतील? एवढी शिकलेली पोर, आन काचंत गटारासारखं हिरवं." मी म्हणायची, ते जेवण आहे त्याचं. ती म्हणायची, "जेवन असंल, पन पसरून ठेवायची काय रीत हाय?"

मग घटस्थापना जवळ आली आणि आईने दसरा काढला. आमच्याकडे दसरा काढायचा म्हणजे घरातल्या झाडून सगळ्या वस्तू बाहेर येतात, धुतल्या जातात, उन्हात पडतात. त्यात गोधड्या, पाट, फळीवरचे डबे, देव, सगळं. मी त्या दिवशी प्रॅक्टिकलला गेले होते. परत आले तर अंगणात चिंचेने घासलेली पितळेची भांडी झळकत होती, आणि त्यांच्या रांगेत, तितकेच झळकत, मॅडमचे सात दगड.

"ज्याच्यावर फुलं हुती त्यांला हात न्हाई लावला," आई अभिमानाने म्हणाली. "आन साबनबी न्हाई, नुसती काथ्याची घासनी. आत जीव हाय, तेवढं कळतंय मला."

मला रागवायचं होतं. पण दिवसभर वाकून तिची कंबर धरली होती आणि दगड खरोखरच फार सुंदर दिसत होते. मी एवढंच म्हणाले, "आई, तू त्याचं ताट घासून ठेवलंस गं, जेवणासकट."

पाणी शुद्ध राखणारे जिवाणूही त्या दगडांतच असतात. ते नळाच्या पाण्यात आणि उन्हात मेले. आई ज्यांना फुलं म्हणत होती त्या प्रवाळांच्या दगडांत उरले होते तेवढ्यावर भिस्त ठेवून मी सातही दगड परत आत ठेवले आणि पाव टाकी पाणी बदललं. मॅडमनी दिलेले कोरडे दाणे टाकले. मासा पुढे आला, दाणा तोंडात घेतला, आणि थुंकला. मग पांढऱ्या दगडांमागे जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

आईचे नऊ दिवसांचे उपास चालू होते, त्यामुळे अण्णांना आयतंच सापडलं. "तुझी आई भगर तरी खाती. ह्यानं तर पान्यात बसून निर्जळी धरली." आई म्हणाली, "धरू द्या. तुमच्यानं एक चतुर्थी हुत न्हाई." पण ती जाता-येता टाकीपाशी थांबत होती.

रविवारी मॅडमचा फोन आला. मासा कसा आहे? मी म्हणाले, "छान आहे." हे वाक्य बोलायला मला अजिबात वेळ लागला नाही.

त्याच दुपारी अण्णांनी हाक मारली. "अगं, ह्ये फूल का मिटलंय?" मासा एका प्रवाळाला टोचत होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अण्णा, ते फूल नाही. प्राणी आहे तो."

अण्णा काचेपाशी वाकले. "म्हंजे माळ तोडली म्हना की यानं. भुकंनं मानूस कुटं जाईल सांगता येत न्हाई."

टाकीच्या मागच्या काचेपर्यंत आईचा हात पोचला नव्हता, तिथे थोडं शेवाळ उरलं होतं. ते खरवडून, एका कापलेल्या जारमध्ये खारं पाणी आणि दोन घासलेले दगड घालून मी जार गच्चीवर उन्हात ठेवला. शेवाळ वाढवायचं, दुसरं काही सुचत नव्हतं. मी कॉलेजात असताना राखण आईकडे. कुरडया वाळवताना दाखवते तीच तत्परता तिने दाखवली. कावळ्यांना हाकललं, दगड फिरवले, पाणी खुणेखाली जाऊ दिलं नाही. संध्याकाळी मला बातमी मिळायची. "आज हिरवं धरलंय गं थोडं. ह्या अंगाला कमी हाय." शेजारणीने विचारलं की गच्चीवर काय चाललंय, तर म्हणाली, "शेवाळ लावलंय."

दसऱ्याच्या सकाळी दगड खाली आणून थंड केले आणि टाकीत सोडले. मासा बाहेर येईना. मी तोरण बांधायला गेले, तोच आई ओरडली, "टिपलं! टिपलं गं त्यानं!" पळत गेले. तो दगडाला तोंड लावत होता, मागे सरत होता, पुन्हा लावत होता. अण्णा म्हणाले, "सुटला उपास."

मी लगेच मॅडमना फोन लावला. "मॅडम, दसऱ्याच्या शुभेच्छा. मला जरा एक..." आणि अडले. आईने फोन माझ्या हातातून घेतला.

"मॅडम, दगड मी घासले. पोरगी कालेजात हुती, तिला बोल लावू नका. मासा खातोय आता." आणि लगेच, "पन एक इचारते, राग मानू नका. तीन वर्षांत तुमी एकदाबी दसरा काढला न्हाई व्हय?"

पलीकडे मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की अण्णांनाही ऐकू गेलं. त्या हसत असतानाच मी फोन घेतला आणि रविवारी खोटं बोलले तेही सांगून टाकलं. हसू थांबलं. मग त्यांनी विचारलं, पाणी किती बदललंस.

"पाव टाकी. लगेच."

"ते बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा लपवू नकोस. आता आईला दे फोन. शेवाळ इतक्या लवकर कसं धरलं ते मला त्यांना विचारायचंय."