वादळ, खिचडी आणि रजेचा अर्ज

वादळ सिल्वासात होतं जेमतेम तीन तास. त्याचे किस्से मात्र आमच्या स्टाफरूमला पुढं दहा वर्षं पुरले! नवीन मास्तर बदलून आला की मधल्या सुट्टीत चहा ओतता ओतता कोणीतरी सुरू करायचंच, "तुम्हाला ते खान्देशी विद्यार्थ्यांचं सांगितलंय का?" की झालं, एकातून दुसरा निघायचा. तिसऱ्या तासाची घंटा कधी झाली ते कळायचं नाही.

मी मूळची गिरगावची. नव्वदच्या आगेमागे इथल्या मराठी शाळेत लागले. मुख्याध्यापक सावंतसर मालवणकडचे. माणूस सरळ, पण त्यांना सगळं कागदावर लागायचं. "लेखी द्या" हे त्यांचं पेटंट वाक्य. पाटीलसर धुळ्याचे, बोलके. आणि बुधिया, आमचा शिपाई, जवळच्याच किलवणी गावचा. शाळेच्या किल्ल्या कायम त्याच्या कमरेला. एवढी माणसं ध्यानात ठेवलीत की पुरे.

*

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती भरली होती. सकाळपासून आभाळाचा रंग काही बरा नव्हता. दहाच्या सुमारास वारा सुटला तसे पाटीलसर ऑफिसात गेले. "सर, पोरांना सोडून देऊ या."

"कारण नमूद करून लेखी द्या," सावंतसर म्हणाले.

पाटीलसरांनी उभ्या उभ्या अर्ज खरडला. तो टेबलावर ठेवला आणि वाऱ्यानं उचलून खिडकीबाहेर नेला!

"दुसरा लिहा."

दुसरा लिहायला घेतला, तेवढ्यात ऑफिसवरची दोन कौलं सरांच्या खुर्चीमागं येऊन फुटली. सर ताडकन उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "तोंडी मंजूर!"

सगळी पोरं वेळेत घरी पोचली, एकालाही खरचटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं ऐकता येईल.

*

दुसऱ्या दिवशी नरोलीहून कापड कारखान्यांतले चाळीस कामगार शाळेत राहायला आले. भाड्याच्या खोल्यांवरचे पत्रे उडून पार शेतात गेलेले. बहुतेक सगळे धुळे-नंदुरबारकडचे. पाटीलसरांना माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं.

सावंतसर म्हणाले, "नोंद झाल्याशिवाय आत नाही." पण नोंद करायची कशावर? शाळेत छापील फॉर्म एकच होता, पहिलीच्या प्रवेशाचा! सरांनी तोच काढला. चाळीस मिशीवाले बाप्ये व्हरांड्यात रांगेनं बसले. पालकाचं नाव, जन्मतारीख, देवी टोचल्याची खूण, सगळं साग्रसंगीत भरून घेतलं.

मोतीलाल नावाचा धिप्पाड लूम ऑपरेटर होता. सरांनी विचारलं, "शिक्षण?"

"चौथी नापास, गुरुजी."

"मग पाचवीच्या वर्गात जागा मिळणार नाही. चौथीत झोपा!"

आणि तो मुकाट्यानं चौथीत जाऊन झोपला.

*

त्याच आठवड्यात माझ्या आईनं गिरगावातून एसटी ड्रायव्हरच्या हाती पार्सल धाडलं. वर मोठ्या अक्षरात ‘वादळग्रस्तांसाठी’. मला भरून आलं. सोडून बघते तर आत मेतकूट, लिंबाचं लोणचं, माझ्या बाबांचा जाड लोकरी स्वेटर आणि चिठ्ठी: "वादळात सर्दी होते. अंगात घाल. मेतकूट कोणाला देऊ नकोस."

म्हणजे वादळग्रस्त मीच!

मेतकूट पहिल्याच पंगतीत चाळीस खान्देशी मंडळींनी खिचडीवर घालून संपवलं. स्वेटर तेवढा उरला. सिल्वासाच्या हवेत तो अंगावर घेणार कोण?

*

आता बुधियाचं सांगते. हे सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

चार दिवस बुधिया शाळेत होता. पहाटे चूल पेटवायचा, चाळीस माणसांची खिचडी ढवळायचा, भांडी घासायचा, किल्ल्या सांभाळायचा. किलवणीत त्याचं घर पहिल्याच तासात भुईसपाट झालं होतं. म्हातारी आई आणि बायको आंब्याखाली चूल मांडून राहत होत्या. आणि आम्हाला त्याचा पत्ताच नाही! आम्ही त्याला म्हणत होतो, "बुधिया, जरा मीठ कमी पडलंय रे."

आम्हा मास्तरांना पंचनाम्याची ड्यूटी लागली होती. तलाठ्याबरोबर गावोगाव फिरायचं, पडलेलं घर डोळ्यांनी बघायचं, लिहायचं, मग त्या घराला सरकारी पत्रे मिळायचे. शनिवारी किलवणीतल्या पडलेल्या घरांची यादी आली. सावंतसर मोठ्यानं वाचत होते. सातव्या नावावर अडकले. चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

"बुधिया! हो तूच काय रे?"

"हां सर."

"अरे मेल्या, माका सांगूक काय झाला होता तुका? घरी जाऊचा नाय?"

बुधिया खाली बघत म्हणाला, "सर, रजा घ्यायला अर्ज लागं. मला लिहिता येत नाही. नि माझे अर्ज लिहून देणारे पाटीलसर कामात होते."

पाटीलसर उठून बाहेर गेले. सावंतसरांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

*

रविवारी सकाळी सावंतसर धोतर वर खोचून, टेम्पो घेऊन शाळेच्या फाटकात उभे! "चला," एवढंच म्हणाले. मोतीलालनं हाळी दिली, "आम्ही शेतस ना, गुरुजी!" म्हणजे, आम्ही आहोत की! आणि आमचे चाळीस विद्यार्थी टेम्पोत चढले.

बुधियाची आई त्या गर्दीकडं बघून आधी घाबरली. मग पाच मिनिटांत आमची हेडमास्तरीण झाली. पडलेल्या ढिगातून खांब, वासे, कारवीच्या काठ्या वेगळ्या काढून घेतल्या. कोणता खांब कुठं होता ते तिला पाठ. सावंतसरांनी मधला खांब खांद्यावर पेलून धरला, तो पक्का रोवेपर्यंत सोडला नाही. मी जन्मात पहिल्यांदा कारवीची भिंत शेणामातीनं लिंपली. म्हातारीनं ती बघितली, बोटानं सगळी खरवडली आणि म्हणाली, "बाय, तू पोरांना शिकव."

शेजारपाड्यानं भाताचा नवा पेंढा दिला. संध्याकाळपर्यंत घर उभं! मी जाताना बाबांचा स्वेटर म्हातारीच्या अंगावर घातला. सगळे टेम्पोत गाणी म्हणत परत निघालो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

अर्ध्या वाटेत पाटीलसर गाता गाता थांबले. "भो, याचा पंचनामा झाला होता का?"

टेम्पोतली गाणी बंद.

आठवडाभर गावोगाव आम्हीच बजावत होतो, "पंचनामा होईपर्यंत घराला हात लावू नका." आणि आम्हीच घर उभं करून आलो! पेंढा काय, जोराच्या वाऱ्याला पुन्हा उडणार. बुधियाला पत्रे हवेच होते. आणि ते आम्ही घालवले होते, आमच्या या हातांनी.

*

सोमवारी तलाठी किलवणीत गेला. बरोबर पाटीलसर, मोतीलाल आणि बुधिया. पुढचं पाटीलसरांच्या तोंडचं.

तलाठी गुजराती, काटेकोर माणूस. त्यानं नव्याकोऱ्या घराला एक चक्कर मारली आणि वही मिटली. "मास्तर, नुकसान क्यां छे? आ तो एकदम सरस घर छे!"

मोतीलाल पुढं झाला. "साहेब, परत पाडू का? दहा मिनिटं लागतीन."

बुधियाचा चेहरा बघवत नव्हता, असं पाटीलसर सांगतात. तेवढ्यात भर उन्हात लोकरी स्वेटर घालून म्हातारी दारात आली. तलाठ्यानं तिलाच विचारलं, "माजी, पडलेलं घर कुठं?"

"ह्याच ता पडेल घर," म्हातारी भिंतीवर हात ठेवून म्हणाली. "फक्त उभा केलाय."

तलाठ्यानं भिंत बोटानं ठोकून बघितली. मग म्हणाला, "पण पडलेलं बघितलं कोणी? पंच पाहिजे."

"मी बघितलंय!" पाटीलसर तोंड उघडायच्या आधीच मागून आवाज आला. सावंतसर! पाड्याच्या वाटेनं सायकल हाणत, घामाघूम होऊन आलेले. "बघितलंय काय, मधला खांब मी उचललाय!" त्यांनी शर्टाची कॉलर बाजूला करून खांद्यावरचा काळानिळा वळ दाखवला.

तलाठ्यानं वळ बघितला, घर बघितलं, वही उघडली आणि लिहिलं, ‘घर पूर्ण पडलेले आहे. सध्या उभे आहे.’ खाली सावंतसरांनी पंच म्हणून सही केली. स्वतः न बघितलेल्या गोष्टीवर कधी सही न करणारा माणूस. म्हणूनच ही सही त्यांनी एवढी मोठी केली की तलाठ्याला जागा उरली नाही!

पंधरा दिवसांत पत्रे आले. सगळेच्या सगळे.

*

आता शेवटचं. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण त्या सोमवारी बाकीचे मास्तर पंचनाम्याला गेले होते. वर्ग भरत नव्हते, पण मस्टर चालू होतं. सह्या घ्यायला मी सावंतसरांच्या टेबलापाशी गेले. खुर्ची रिकामी. सर पंधरा वर्षांत कधी गैरहजर राहिले नव्हते.

मस्टरमध्ये एक कागद घडी करून ठेवलेला होता. सरांच्याच वळणदार अक्षरात.

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत. कारण: घर पडल्यामुळे.’

खाली शेरा होता, ‘मंजूर.’ आणि सरांची सही.

सावंतसर सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. क्वार्टरचं एक कौलसुद्धा हललं नव्हतं.