रांधनखोलीची खिडकी

आमचं घर आज्यानं बांधलं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, छपराला सागवानी फाटे, वर कवेलू. भर उन्हाळ्यात पंखा लागत नाही. पण रांधनखोलीला खिडकी नव्हती. बायको चुलीपुढं डोळे पुसत म्हणायची, "अवो, एक खिडकी काऊन पाडत नाही? धुरानं मरून राहिली मी."

"आज्यानं ठेवली नाही, मी कायले भिंत फोडू? घर बसंल."

"तुमच्या आज्यानं कधी भात रांधला का?"

मी हसायचो आन् बाहेर सपरीत जाऊन बसायचो. चाळीस वर्षं असंच चाललं. मग ती दम्यानं गेली.

चूल माझ्याकडं आली. आठ दिवसांत डोळे सुजले, तेव्हा मी सब्बल घेऊन भिंत फोडायला लागलो. थोडी माती पडली आन् आतून सागवानी चौकट निघाली. आज्यानं खिडकी ठेवली होती. मधात कोणीतरी ती बुजवली, आन् मला ठाऊकच नव्हतं.

दुपारपर्यंत खोलीत उजेड आला. घर काही बसलं नाही. अर्ध्या दिवसाचं काम होतं. ती असती तर चार शिव्या घातल्या असत्या. त्या ऐकायला मी आता तयार आहो.