खंडेनवमीला न उचललेला पाना

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात कुणी विमानाचा विषय काढला की मी उठून गॅलरीत जायचो. बायकोने विचारलं की रक्तदाबाचं नाव पुढे करायचो. आता ती नाही, आणि ज्या दोघांविषयी लिहायचं तेही नाहीत. मग भीती कुणाची? तरीही हे पान मी दोनदा फाडलं.

मी रेल्वेच्या डबे-दुरुस्ती कारखान्यात लाकूड तपासायचो. बोटांच्या पेरांनी फळी ठोकून आतली चीर ओळखणारा माणूस म्हणून माझं नाव होतं. तारनाक्याला आमच्याच गल्लीत एक निवृत्त प्राध्यापक राहत. जन्मभर यंत्रं शिकवलेल्या या माणसाने पाच-सहा वर्षं खपून दोन माणसं बसतील एवढं विमान स्वतः बांधलं. ते शहराबाहेर, ओळखीच्या एकाच्या शेतातल्या शेडमध्ये उभं असे. नाकावर फिरून विमान ओढणारा त्याचा लाकडी पंखा मलकपेठच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने कोरला होता. मिस्त्री ओतकामाचे लाकडी साचे करायचा. पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून त्याने पुरुषभर उंचीचा पंखा असा तासला होता की हात फिरवावा तर कुठे थांबूच नये.

असा पंखा इंजिनाच्या चकतीवर सहा बोल्टांनी दाबून बसवतात. सगळा जोर त्या दाबावर असतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. आकसलं की बोल्ट जागेवरून न हलताही ढिले पडतात. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

खंडेनवमीला प्राध्यापकांनी शेडमध्ये पूजा ठेवली. लाल कापडावर हातोड्या, करवत, पाने ओळीने मांडले होते, वर हळदकुंकू, झेंडू. पंख्यालाही हार होता.

"या, रेल्वेवाले," प्राध्यापक म्हणाले. "तुमची खूण करा म्हणजे झालं. यंदाचं सीमोल्लंघन विमानातून."

"यांना सोनंसुद्धा वरूनच टाकायचंय," वहिनी म्हणाल्या. "खाली कुणाच्या डोक्यात पडेल ते पडेल."

मी दोन्ही पाती टोकापासून मध्यापर्यंत ठोकत गेलो. आवाज भरीव, स्वच्छ. मिस्त्री चहाचा ग्लास घेऊन शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "आवाज तो देखे साब, बोल्ट बी देख लेव. बारिश में टाइट करे सो हैं. लकडी सूख गई होंगी."

त्याचं बरोबर होतं. ताकद मोजून बोल्ट कसायचा पाना पूजेच्या मधोमध होता. मी हात पुढे केला तशा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आज हत्याराला हात नाही हं. उद्या उत्तरपूजा झाली की घ्या."

"कल देखेंगे," मी मिस्त्रीला म्हणालो. आणि हात रिकामा राहिला म्हणून की काय, खिशातल्या खडूने पंख्याच्या मध्यावर बरोबरची खूण केली. आमच्या कारखान्यात त्या खुणेनंतर कुणी पुन्हा विचारत नसे. ती खूण सगळं पाहिल्यावर करायची असते, हे प्राध्यापकांना माझ्याकडूनच माहीत होतं.

दसऱ्याला पहाटे बोल्टांच्याच विचाराने जाग आली. तरी पोचेपर्यंत उशीर झाला. गल्लीतली सात-आठ मंडळी मोबाइल धरून उभी होती. प्राध्यापक विमानात बसले होते.

"काल सगळं पाहिलंत ना?" त्यांनी विचारलं.

पाना दोन पावलांवर होता, उत्तरपूजाही झालेली. पण नाही म्हटलं असतं तर ती खूण सर्वांसमोर खोटी ठरली असती. मी "हो" म्हणालो.

इंजिनाचा आवाज वाढला. विमान पुढे गेलं, मागे वाऱ्याचा झोत आला, आणि त्यात वास होता. बोथट पातं सागवानातून जाताना येतो तसा, जळक्या लाकडाचा. चकतीवर पंखा घसरत होता. मी दोन्ही हात हलवत धावत सुटलो. प्राध्यापकांनी मला पाहिलं आणि त्यांनीही हात हलवला. चाकं सुटली. विमान कडुलिंबाच्या उंचीला गेलं असेल नसेल, तोच काहीतरी तडकलं आणि विमान नाकावर मक्याच्या शेतात गेलं.

प्राध्यापक वाचले. पण कंबरेखालचं शरीर गेलं ते गेलंच.

सगळे त्यांना बाहेर काढत होते तेव्हा पंख्याचा मधला तुकडा मला सापडला. चकतीवर बसणारी बाजू काळी जळालेली, बोल्टांची भोकं लांबट झालेली. लाकडात दोष नव्हता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तो तुकडा काळ्या बाजूने मातीत दाबला. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो, प्राध्यापकांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

संध्याकाळी दवाखान्यात मिस्त्रीने विचारलं, "साब, बोल्ट देखे थे ना?"

"देखा था," मी म्हणालो.

तो खाली बसला. थोड्या वेळाने प्राध्यापकांच्या मुलाने विचारलं, "काका, लाकूडच खराब होतं का?"

"लाकडाचं काय सांगावं," मी म्हणालो.

एवढं पुरलं. मुलगा मलकपेठला जाऊन दुकानासमोर नाही नाही ते बोलून आला. मिस्त्रीने उलट शब्द काढला नाही म्हणे. साच्यांची कामं आटत गेली. मग त्याने पटाशी बाजूला ठेवली. मला मात्र कित्येक महिने दाराची घंटा वाजली की पोलीसच वाटत. प्राध्यापकांकडे मी रोज जाई, त्यांची खुर्ची उन्हात सरकवी. "लाकडाने दगा दिला हो," ते म्हणत. मी मान हलवी. तसेच ते गेले.

त्यानंतर मी मलकपेठला गेलो. मिस्त्री दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याने आतून एक पट्टी आणली, त्याच लाकडाची, तशीच चिकटवलेली, मधून मोडलेली.

"मैं तोड के देखा साब. जोड नै खुला, लकडी फटी. तो फिर खोट किधर थी? इत्ते साल से सोचतौं, समझ में नै आता."

सांधा लाकडाहूनही पक्का निघाला होता. त्याचा मुलगा दारात उभा होता. मी पट्टी पायरीवर ठेवली.

"पुरानी बात है मिस्त्री, जाने दो."

"तुम बोलते तो जाने देतौं," तो म्हणाला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

रिक्षात तारनाक्यापर्यंत मी वाक्यं जुळवत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. भीती प्रत्येक वेळी आधी तयार होई. अखेर गेलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं, आणि शेजारच्या पानवाल्याने सांगितलं की मिस्त्रीला जाऊन चाळीस दिवसही झाले. जुळवलेली वाक्यं अजून पाठ आहेत.

मिस्त्री, लकडी में खोट नै थी. बोल्ट मैं देखाच नै. तुम बोले थे, फिर बी नै देखा, और झूट बोला. मेरे को माफ करो.