आधी कोण बोलणार

साध्या वाक्यात अडकून पडावं ते माझ्या सासऱ्यांनीच. लोधिवलीच्या ग्रामपंचायतीनं एका भिंतीवर रंगवलं, 'या भिंतीवर काहीही लिहू नये', तर ह्यांनी रीतसर अर्ज दिला: भिंतीवर लिहिण्याचा पहिला गुन्हा ग्रामपंचायतीचाच आहे, सूचना पुसली तर गुन्हा मिटेल, पण मग मनाई कुठे राहील, याचा खुलासा व्हावा. पुढे दोन महिने ग्रामसेवक त्यांना लांबून बघून रस्ता बदलत असे.

साजगावच्या एका कारखान्यात ते स्टोअरमध्ये होते. तिथे वर्तमानपत्राच्या कुठल्याशा पुरवणीच्या फाटक्या पानावर त्यांना 'मी आत्ता खोटं बोलतोय' असं म्हणणारा माणूस भेटला, आणि तो त्यांच्याबरोबरच निवृत्त होऊन घरी आला. "जावईबापू, तो खरं बोलत असंल तर खोटा ठरतो, नि खोटं बोलत असंल तर खरा. मंग त्याला बसवायचा कुठं?" हे त्यांनी मला विचारलं ते माझ्याच लग्नाच्या पंगतीत, माझ्या तोंडात जिलेबी असताना. अशा गोष्टींना ते 'पेच' म्हणत. चौक गावच्या सलूनमध्ये, गालाला फेस लावून बसल्या बसल्या, त्यांनी न्हाव्याला गाठलं. "समज, गावात जे आपली दाढी आपण करत नाय, त्या सगळ्यांची तू करतोस, नि फक्त त्यांचीच करतोस. मंग तुझी कोण करतो?" न्हावी म्हणाला, "माझा मेव्हणा करतो, कर्जतला. मान सरळ ठेवा." सासरे आठवडाभर नाराज होते. मेव्हण्याची सोय पेचात नव्हती, असं त्यांचं म्हणणं. मळणीच्या वेळी खळ्यावर भाताच्या राशीपुढे बसून ते एकेक दाणा बाजूला काढत आणि विचारत, "अजून रास हाय का?" सासूबाई म्हणत, "कोंबड्या सोडते. त्या सांगतील."

पण एक पेच त्यांच्या घराच्या दारात होता आणि त्याला कुणी हसत नसे. त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, दोघांच्या सामाईक बांधावरचं जांभळाचं झाड न विचारता तोडलं. भांडण झालं. दादा चार माणसांसमोर म्हणाले, "तू आधी बोलल्याबिगर मी तुझ्याशी बोलायचा नाय." सासऱ्यांनी तिथल्या तिथे तीच शपथ घेतली. घरं समोरासमोर, अंगणं एकमेकांना लागून, आणि अकरा वर्षं दोघांमध्ये एक शब्द नाही. सासऱ्यांनी त्यावर विचार मात्र भरपूर केला. चिठ्ठी म्हणजे बोलणं का? झोपेत बोललेलं धरायचं का? शेवटी मीच सुचवलं, दोघांनी एकदम बोलावं, म्हणजे आधी कुणीच नाही. त्यांना ते फार पटलं. माझ्या मुलीच्या बारशाला दोघांना समोरासमोर बसवलं, बायकोनं एक, दोन, तीन म्हटलं, आणि दोघंही गप्प. दोघांनीही आ केला होता, आवाज कुणाचाच आला नाही. परतताना सासरे म्हणाले, "दादा नसता बोलला तर माझी एकट्याची मोडली असती." दादाही घरी जाऊन अगदी हेच म्हणाले, असं पुढे कळलं.

गेल्या वर्षी दादा शेतात पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही. पनवेलच्या हॉस्पिटलात आम्ही पोचलो तेव्हा सासरे दाराबाहेरच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता त्याला आधी बोलताच यायचं नाय." मग उठून आत गेले आणि खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "दादा, मी आलोय रं." दादांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. नर्सनं दोनदा सांगितलं तरी सोडलं नाही. येताना गाडीत मी विचारलं, शपथेचं काय झालं. "मोडली," ते म्हणाले. गाडी चौकला पोचली. मग म्हणाले, "कवाबी मोडता आली असती."

आता ते रोज सकाळी अंगण ओलांडून दादांच्या ओटीवर जाऊन बसतात. परवा मी गेलो तेव्हा दोघं वालाच्या शेंगा सोलत होते, दादा एका हातानं. सासरे अकरा वर्षांचं सांगत होते: कोणती गाय कधी व्याली, कारखान्यातून निरोप देताना कोण काय बोललं. मध्येच त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं, दादा?" आणि थांबले. एखाद्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ ते शेंग हातात धरून दादांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान डोलावली आणि पुढचं सांगायला लागले.